काचेची चळत की ॲल्युमिनाची छिद्रं?

कृत्रिम पेशीपटल एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपण्याच्या तंत्राने) अभ्यासायचं, तर लिपिडचे, म्हणजे पटल ज्या स्निग्ध रेणूंचं बनतं त्यांचे, थर चुंबकीय क्षेत्रात एकाच दिशेला लागलेले हवेत. अस्ताव्यस्त थरांतल्या लिपिडमधल्या फॉस्फरस-३१ चा संकेत साधारण ३० पासून उणे १५ पीपीएमपर्यंत (पीपीएम हे संकेताची जागा सांगणारं एकक) पसरतो. थर नीट लागले की त्याची एक अरुंद रेघ होते.

सरावाची पद्धत काचेची. जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर लिपिडचं द्रावण सोडायचं, क्लोरोफॉर्म पूर्ण उडवायचा, पापडांसारखी पट्ट्यांची चळत रचायची आणि दमट हवेत ठेवायची. काच क्षेत्राशी काटकोनात असली की रेघ ३० च्या आसपास येते. पाण्याचा मेळ मात्र जीव काढतो: कमी पडलं तर पटल आखडतं, जास्त झालं तर थर विस्कटतात. शिवाय नमुना एकदा बंद केला की आतला सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) बदलणं अवघडच.

२००३ मध्ये सच्छिद्र ॲल्युमिनात (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडात) लिपिडच्या नळ्या बसवल्याचं काम प्रसिद्ध झालं. इथे छिद्रं काही दहा नॅनोमीटर रुंद, पटल त्यांच्या आतल्या भिंतीला लागून. छिद्रं क्षेत्राला समांतर ठेवली तर रेघ उणे १५ च्या जवळ. नळी दोन्हीकडून उघडी, म्हणून त्याच नमुन्यावर वेगळ्या सामूचं पाणी किंवा औषध सोडता येतं. इन्फ्लुएंझा विषाणूचं एम२ प्रथिन ही पटलातली वाहिनी, ती आम्लतेनुसार उघडते. अशासाठी मी बेधडक ॲल्युमिनाच घेईन.

पेप्टाइडचा (प्रथिनासारख्या छोट्या साखळीचा) पटलातला नुसता कल मोजायचा असेल, तर काच पुरते.