कोसा साडी, नाटक कंपनी, बांबूकाम: वेबसाइट कशावर बनवायची?

कोणता वेबसाइट बिल्डर चांगला, हा प्रश्न नंतरचा. आधी बघा की तुमचं गिऱ्हाईक पैसे केव्हा देतं: बोलणं झाल्यावर, की न बोलताच? मोहाडी-आंधळगावची कोसा साडी, वडशाची नाटक कंपनी, लग्नाचं फोटोकाम, मूर्तिकाम यांत आधी फोन येतो, रंग-तारीख विचारली जाते, भाव होतो, मग पैसे. भद्रावतीच्या मातीच्या वस्तू किंवा बांबूचे पेनस्टँड एकसारखे शंभर तयार असतील, तर लोक फोटो पाहून थेट मागवतात. पहिल्या प्रकारच्या धंद्याने 'कार्ट'वाली, म्हणजे साइटवरच ऑर्डर आणि पैसे घेणारी, साइट घेऊ नये. दर महिन्याचं भाडं जातं आणि फोन तरीही येतोच. खेड्यातले बहुतेक कलाव्यवसाय याच प्रकारात मोडतात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नाटक कंपनीला गूगल साइट्स पुरते. जीमेल खातं असलं की फुकट, जाहिरात नाही, वर्डप्रेससारखी अपडेटची कटकट नाही. खरा उपयोग कॅलेंडरचा. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा (पूर्व विदर्भातल्या नाटकांचा) हंगाम लागला की गावोगावचे आयोजक एकच विचारतात, अमुक तारीख मोकळी आहे का? प्रयोगांसाठी गूगल कॅलेंडरमध्ये नवं, वेगळं कॅलेंडर उघडा, ते सार्वजनिक करा, पण 'फक्त मोकळं की व्यस्त' एवढंच दिसेल असा पर्याय निवडा, आणि साइटच्या पानात बसवा. तारीख आधीच घेतलेली दिसते, गाव आणि मानधन दिसत नाही. सार्वजनिक करायचं राहिलं तर तुमच्या मोबाइलवर सगळं दिसेल आणि बाहेरच्याला काहीच दिसणार नाही, म्हणून दुसऱ्याच्या मोबाइलवर एकदा उघडून बघाच. उणीव एवढीच की सजावटीला फार वाव नाही आणि सामान विकण्याची सोय नाही.

विक्सवर पान झटपट उभं राहतं, दिसतंही देखणं. फुकट प्लॅनमध्ये विक्सची जाहिरात आणि त्यांच्याच नावाचा पत्ता येतो. जुन्या एडिटरमध्ये मोबाइलचं पान वेगळं नीट करावं लागतं, नाहीतर मराठी मथळा फोटोवर चढतो. मोठी अडचण पुढची आहे. विक्सवरची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) नेता येत नाही. तीन वर्षांनी सोडायचं ठरवलं तर सगळं नव्याने. स्क्वेअरस्पेस फोटोग्राफरला फार शोभतं, पण कायमचा फुकट प्लॅन नाही, १४ दिवसांची चाचणी तेवढी मिळते. शिवाय तिथल्या पैसे घेण्याच्या सेवांपैकी पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले, त्यामुळे तिथे नागपूरच्या गिऱ्हाइकाकडून पैसे घेणं अवघड. फोटो दाखवायला घ्या, विकायला नको.

करवतकाठी कोसा साडी विणणाऱ्याला आमचा कौल वर्डप्रेसला. या साडीचं मोल काठात असतं. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी काठ आणि अंगाच्या सांध्यावर नीट बसली आहे का, हे गिऱ्हाईक फोटो मोठा करून बघतं. म्हणून प्रत्येक साडीचे तीन फोटो हवेत: पूर्ण साडी, पदर, आणि काठ अगदी जवळून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. मोबाइलचा फोटो ४-५ एमबीचा असतो. लांब बाजू १६०० पिक्सेल ठेवून तो ३०० केबीच्या आत आणा, नाहीतर गावच्या नेटवर्कवर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. खाली किंमत आणि व्हॉट्सॲपचं बटण द्या. यूपीआय क्यूआरवर थेट पैसे घेतले तर कापून काही जात नाही.

स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस फुकट असतं, पैसे होस्टिंगचे. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर पाहून घेऊ नका, नूतनीकरणाचा दर विचारा. प्लगइन (साइटला जोडायच्या जादा सोयी) मोजकेच ठेवा आणि अपडेट करत राहा. जुन्या प्लगइनमधून साइट हॅक होते आणि साडी बघायला आलेलं गिऱ्हाईक भलत्याच जुगाराच्या पानावर जातं. अपड्राफ्टप्लसची फुकट आवृत्ती गूगल ड्राइव्हवर बॅकअप ठेवते, ती पहिल्याच दिवशी लावा. हे सांभाळायला घरात कुणी नसेल तर वर्डप्रेस डॉट कॉम बरं, तिथे होस्टिंग तेच सांभाळतात. तिथला मजकूर पुढे बाहेर काढता येतो.

शॉपिफाय एकसारखा माल रोज पाठवणाऱ्यासाठी. ऑर्डर, साठा, कुरिअर सगळं एका जागी. पण हिशेब करा. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, म्हणून बेसिक प्लॅनवर बाहेरच्या गेटवेतून (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेतून) आलेल्या पैशावर ते २ टक्के वेगळे घेतात. गेटवेचे साधारण २ टक्के धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी. ८००० रुपयांच्या वस्तूवर गेटवेचे १८८ रुपये ८० पैसे आणि शॉपिफायचे १६०, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास गेले. मासिक भाडं वेगळंच. वर्डप्रेसवरच्या वूकॉमर्स या दुकानाच्या प्लगइनमध्ये शॉपिफायचे हे २ टक्के वाचतात.

बांबूवाल्यांनी कुठलंही दुकान उघडताना वजनाकडे नीट लक्ष द्यावं. कुरिअरवाले आकारमानावरून वजन धरतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ४० बाय ४० बाय ५० च्या खोक्यातला लॅम्पशेड काट्यावर एक किलो भरला तरी बिल १६ किलोचं येतं. साइटवर वजनाच्या रकान्यात १ नाही, १६ लिहा, नाहीतर नफा पाठवणावळीत जातो. एकात एक बसणाऱ्या टोपल्या ऑनलाइन विकायला म्हणूनच परवडतात.

काहीही निवडा, डोमेन (साइटचा पत्ता) स्वतःच्या ईमेलवर घ्या, साइट करून देणाऱ्या पोराच्या नाही. डॉट कॉम घेतल्यावर ईमेल पडताळणीची लिंक येते. १५ दिवसांत ती दाबली नाही तर साइट बंद पडते. बिल डॉलरमध्ये असेल तर कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहे का, हे बँकेत आधी विचारा. आणि डीटीपीवाल्याकडून मजकूर घेताना तो युनिकोडमध्येच मागा. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर चिकटवला की पानावर नुसती चिन्हं दिसतात. मथळ्यातलं अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेघ तुटते. ओळींमधलं अंतर दीडपटीपेक्षा थोडं जास्त घ्या, म्हणजे वेलांट्या आणि उकार कापले जात नाहीत. फॉन्ट मुक्ता किंवा हिंद.