मॅन्युएल अँटोनियो की तोर्तुगेरो?

कोस्टा रिकात हाताशी तीनच दिवस, आणि मैत्रीण या दोन राष्ट्रीय उद्यानांपैकी कुठे जावं या प्रश्नात अडकली आहे. माहितीपत्रकं बाजूला ठेवू.

पोहोचायला मॅन्युएल अँटोनियो सोपं: राजधानी सान होसेहून गाडीने साधारण तीन तास. तोर्तुगेरोला रस्ताच नाही. ला पावोनाच्या धक्क्यावरून कालव्यातून बोट, नाहीतर छोटं विमान.

पोहायचं असेल तर प्रश्नच मिटला. तोर्तुगेरोचा समुद्र ओढ घेणारा, तिथे पाण्यात उतरू नये. मॅन्युएल अँटोनियोचे किनारे शांत, पण गर्दी असते. मंगळवारी उद्यान बंद, तिकीट ऑनलाइनच. खाऊ आत नेता येत नाही, तरी पांढऱ्या तोंडाची माकडं पिशव्या चाचपतातच.

तोर्तुगेरोची खरी कमाई रात्रीची. जुलै ते ऑक्टोबर हिरवी कासवं अंडी घालायला येतात. सोबत गाइड सक्तीचा, फोटो बंद. अंधारात फक्त वाळू उपसल्याचा फर्र-फर्र आवाज. पाऊस मात्र बारमाही, रेनकोट हवाच.

लहान मुलं, पोहणं, डिसेंबर ते एप्रिलची कोरडी हवा हवी असेल तर मॅन्युएल अँटोनियो. कासवांसाठी भिजायची तयारी असेल तर तोर्तुगेरो. मैत्रीण ऑगस्टात निघाली आहे. मी तिला बोटीत बसवेन.