ॲटमायझर आणि गोट

शिकागोच्या नॉइज रॉकची, म्हणजे गोंगाट आणि कर्कश ध्वनींवर उभ्या असलेल्या रॉक संगीताची ताकद समजून घ्यायची असेल, तर बिग ब्लॅक या बँडचा ‘ॲटमायझर’ (१९८६) आणि द जीझस लिझर्डचा ‘गोट’ (१९९१) हे दोन अल्बम लागोपाठ ऐकावेत. दोन्हींमागे स्टीव्ह अल्बिनी आहे. पहिल्यात तो गातो आणि गिटार वाजवतो, तर दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण त्याने केले आहे.

‘ॲटमायझर’मध्ये ड्रमवादकच नाही. रोलँड कंपनीचे ड्रम मशीन निर्विकारपणे ठोके देत राहते आणि त्यावर पत्रा कापल्यासारख्या कर्कश गिटारी चढत जातात. हा थंड क्रूरपणा प्रभावी आहे, पण तो ऐकणाऱ्याला दूरच ठेवतो.

‘गोट’ मला अधिक मोलाचा वाटतो. ‘देन कम्स डडली’ या पहिल्याच गाण्यात डेव्हिड सिम्सच्या बास गिटारची तीच ओळ पुनःपुन्हा येते, मॅक मॅकनीलीचे ड्रम तिला जिवंत माणसाचे वजन देतात आणि ड्वेन डेनिसनची गिटार इतकी नेमकी वाजते की एवढ्या गोंगाटातही प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो. डेव्हिड याऊचा आवाज वाद्यांमध्ये अर्धवट बुडालेला असल्यामुळे शब्द निसटतात, पण त्याची घालमेल मात्र थेट अंगावर येते. आवाज मोठा ठेवूनच ऐकावा. हळू आवाजात बासचा हा धक्का जाणवतच नाही.