वस्तुमान आणि आवर्तकाल : प्रयोगासाठी स्प्रिंग घ्यावी की साधा दोलक?

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला महिनाभर उरला की नागपुरातले अकरावी-बारावीचे विद्यार्थी, आणि त्यांच्याहून अधिक काळजीत पडलेले पालक, एकच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. सरल आवर्त गतीमध्ये, म्हणजे मधल्या जागेच्या दोन्ही बाजूंना होणाऱ्या नियमित हेलकाव्यांत, वस्तुमानाचा आवर्तकालावर (एका पूर्ण दोलनाला लागणाऱ्या वेळेवर) होणारा परिणाम दाखवायचा आहे, तर स्प्रिंग टांगावी की साधा दोलक, म्हणजे दोऱ्याला टांगलेला गोलक? दोन्ही प्रयोग ओळखीचे आहेत आणि खर्चही फारसा नाही. मात्र त्यांची उत्तरे परस्परविरुद्ध येतात, त्यामुळे निवड करण्यापूर्वी आपल्याला नेमके कोणते उत्तर दाखवायचे आहे हे ठरवणे भाग आहे.

स्प्रिंगच्या प्रयोगात वस्तूला मूळ जागी ओढणारे बल फक्त स्प्रिंगच्या ताठरपणावर आणि ती किती ताणली आहे यावर ठरते. टोकाला किती वस्तुमान अडकवले आहे, याच्याशी त्या बलाला देणेघेणे नाही. तेच बल अधिक वस्तुमानाला हलवू लागले की त्वरण कमी होते आणि आवर्तकाल वाढतो, तोही वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. दोलकात हे मूळ जागी ओढणारे (प्रत्यानयन) बल गोलकाच्या वजनातूनच येते. वस्तुमान दुप्पट केले की ओढणारे बलही दुप्पट होते, त्वरण होते तेवढेच राहते, आणि आवर्तकाल केवळ लांबी व गुरुत्वीय त्वरण यांच्यावर ठरतो.

स्प्रिंगची बाजू आकड्यांनी पाहू. मी वापरतो ती स्प्रिंग १५ सेंटिमीटर लांब आणि १५ ग्रॅम वजनाची आहे, आणि १०० ग्रॅम अडकवल्यावर ती १० सेंटिमीटर ताणली जाते. तिचा बल-स्थिरांक, म्हणजे ताठरपणाचे माप, मीटरला सुमारे ९.८ न्यूटन येतो. १०० ग्रॅमला आवर्तकाल ०.६५ सेकंद आणि ४०० ग्रॅमला १.२८ सेकंद मिळतो. वस्तुमान चौपट केल्यावर आवर्तकाल नेमका दुप्पट व्हायला हवा होता, पण तो थोडा कमी भरतो, आणि चौकस परीक्षक बोट ठेवतात ते इथेच. स्प्रिंगची वेटोळी स्वतःही हलत असतात. वरची जवळजवळ स्थिर असतात, खालची वस्तूबरोबर धावतात, आणि हिशेब केला की स्प्रिंगच्या वस्तुमानाचा एक-तृतीयांश भाग, म्हणजे इथे ५ ग्रॅम, अडकवलेल्या वस्तुमानात मिळवावा लागतो. आवर्तकालाचा वर्ग आणि वस्तुमान यांचा आलेख काढला तर सरळ रेषा येते, परंतु ती आरंभबिंदूतून जात नाही. मागे वाढवली की वस्तुमानाच्या अक्षाला उणे ५ ग्रॅमपाशी छेदते. रेषा ओढून ओढून आरंभबिंदूतून नेणारे विद्यार्थी प्रयोगातली सर्वांत सुंदर गोष्टच खोडून टाकतात, असे माझे मत आहे.

स्प्रिंगच्या खोड्याही सांगायला हव्यात. वस्तुमानामुळे आलेला ताण, म्हणजे स्प्रिंगची वाढलेली लांबी, जेव्हा लटकलेल्या एकूण लांबीच्या साधारण एक-चतुर्थांश असतो (माझ्या स्प्रिंगला ५० ते ७० ग्रॅमच्या आसपास), तेव्हा वर-खाली होणारी वस्तू दहा-बारा दोलनांतच दोलकासारखी आडवी झुलू लागते, थोड्या वेळाने पुन्हा वर-खाली होते, आणि मोजणारा गोंधळतो. हा हाताचा दोष नव्हे. त्या वस्तुमानाला उभ्या दोलनाचा काळ आडव्या दोलनाच्या काळाच्या निम्मा होतो आणि ऊर्जा एका गतीतून दुसरीत जाते. त्यामुळे वाचने १०० ग्रॅमपासून सुरू करावीत. वरची मर्यादाही पाळावी. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असताना मी उत्साहाच्या भरात किलोभर वजन लावले, स्प्रिंग कायमची सैल झाली आणि त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या उरलेल्या तुकड्यांनी वेगळाच बल-स्थिरांक मोजला.

दोलक दिसायला सोपा आहे, पण ‘परिणाम होत नाही’ हे सिद्ध करणे ‘परिणाम होतो’ हे दाखवण्यापेक्षा कठीण असते. नागपुरात गुरुत्वीय त्वरण सेकंदवर्गाला सुमारे ९.७९ मीटर आहे, म्हणून एक मीटर दोलकाची २० दोलने जवळपास ४०.२ सेकंदांत होतात. आता लहान गोलक काढून मोठा लावला आणि दोरा तोच ठेवला, तर गोलकाचे केंद्र सहज एक सेंटिमीटरने खाली जाते आणि २० दोलनांत ०.२ सेकंदांचा फरक पडतो. विद्यार्थी तो फरक वस्तुमानाच्या नावावर लिहून मोकळा होतो. लांबी टांगणीच्या बिंदूपासून गोलकाच्या केंद्रापर्यंत मोजावी आणि गोलक बदलला की प्रत्येक वेळी नव्याने जुळवावी. दोरा मधोमध चिरलेल्या बुचात घट्ट पकडावा.

याहून चांगली युक्ती न्यूटनची आहे. त्याने अकरा फुटी दोऱ्यांना लाकडाच्या दोन सारख्या पेट्या टांगल्या आणि त्यांत सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू असे पदार्थ भरून दोलने ताडून पाहिली. पेट्या बाहेरून सारख्या असल्यामुळे हवेचा विरोधही सारखा राहिला. आपल्याकडे त्याच व्यासाचे पितळी आणि लाकडी गोलक मिळाले तरी काम भागते. मात्र पंखा बंद ठेवावा लागतो, कारण लाकडी गोलक वाऱ्याने लगेच भरकटतो, आणि फेब्रुवारीअखेरीस नागपूरच्या गर्दीने भरलेल्या सभागृहात पंखा बंद करा म्हणणे सोपे नाही.

कोनाचे पथ्यही दोलकालाच आहे. गोलक उभ्या रेषेपासून १० अंशांपर्यंत बाजूला नेऊन सोडला तर आवर्तकालातली चूक सुमारे ०.२ टक्के असते, ३० अंशांना ती १.७ टक्क्यांवर जाते.

तेव्हा ज्याला आलेख, गणित आणि मौखिक परीक्षेत बोलायला विषय हवा आहे, त्याने स्प्रिंग घ्यावी. माझा कल स्पष्टपणे तिकडेच आहे. ज्या शिक्षकांपाशी एकच तासिका आहे आणि जड वस्तू लवकर झुलते हा मुलांचा समज मोडायचा आहे, त्यांनी दोलक घ्यावा. स्प्रिंगच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. भारहीन अवस्थेत तराजू निरुपयोगी होतो आणि दोलक झुलतच नाही, पण स्प्रिंगचा आवर्तकाल वस्तुमान सांगत राहतो. १९७३ साली स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावरील अंतराळवीरांचे वस्तुमान स्प्रिंगवर डोलणाऱ्या आसनाच्या आवर्तकालावरूनच काढले जात होते.

टेबलावर दोन स्टँडची सोय असेल तर दोन्ही शेजारी मांडता येतात. उभ्या स्प्रिंगचा आवर्तकाल, तिचे स्वतःचे वस्तुमान सोडल्यास, वजनाने आलेल्या ताणाएवढ्या लांबीच्या दोलकाइतका असतो. माझ्या स्प्रिंगला ४०० ग्रॅम लावून शेजारी ४०.५ सेंटिमीटरचा दोलक (४० सेंटिमीटर ताणाचे, अर्धा स्प्रिंगच्या ५ ग्रॅमचा) टांगला आणि दोन्ही एकाच वेळी सोडले, तर ते बराच वेळ एकमेकांच्या तालात चालतात. मग स्प्रिंगवरचे १०० ग्रॅम काढावेत, आणि दोलकाचा पितळी गोलक काढून लांबी तीच राखत लाकडी लावावा. स्प्रिंग १.११ सेकंदांवर येऊन पुढे निघून जाते. दोलक १.२८ सेकंदांवरच राहतो.