समोरून उघडणारी मोठी विजेची भट्टी: डिग्री नंतर, आधी दार बघा

मातीची भांडी भाजायची ही भट्टी घेऊन दोन पावसाळे झाले. घ्यायचा विचार असलेले लोक फोन करतात आणि हमखास विचारतात, "किती डिग्रीची आहे?" कागदावर 1300 आहे. कागदावर सगळ्याच मोठ्या भट्ट्या 1300च्या असतात, तेवढ्यावरून काही कळत नाही. मी घेण्याआधी तीन ठिकाणच्या भट्ट्या उघडून-मिटून पाहिल्या आणि आता माझीच रोज वापरतो. त्यावरून लिहितोय.

माझं शेड चोपडा तालुक्यात, गावाच्या कडेला. लोणच्याच्या बरण्या, मोठ्या कुंड्या आणि हॉटेलांसाठी ताटं-वाट्या हा धंदा. भट्टी आतून 600 मिलिमीटर रुंद, 600 खोल, 750 उंच, म्हणजे 270 लिटर. 21 किलोवॅट, थ्री फेज. किंमत चार लाखांच्या थोडी आत, जीएसटी 18 टक्के वेगळा, आणि ट्रकवरून उतरवायला हायड्रा क्रेन बोलवावी लागली तो खर्च आणखी वेगळा. विटांची भट्टी पाचशे किलोच्या पुढे जाते. "चार पोरं लावू आणि उतरवू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

याच मापाची वरून उघडणारी भट्टी बरीच स्वस्त मिळते. ती घेतली नाही याचं कारण कंबर. पाऊण मीटर खोल खड्ड्यात वाकून तळाची फळी ठेवायची, तिच्यावर कच्च्या, नुसत्या धक्क्याने तुटणाऱ्या बरण्या मांडायच्या, मग प्रॉप म्हणजे टेकू, मग पुढची फळी. समोरून भरताना सगळं डोळ्यांसमोर असतं. बरणीच्या गळ्यापासून वरच्या फळीला किती जागा उरली ते दिसतं, मोठी कुंडी दोघांनी धरून सरळ आत सरकवता येते. शिवाय वरून उघडणाऱ्या भट्टीत कॉइल बहुतेक फक्त भोवतालच्या भिंतींत असते. समोरच्या प्रकारात ती तळाला, पाठीला आणि दारातसुद्धा घालता येते. "घालता येते" म्हणतोय, कारण सगळे घालत नाहीत.

इथून दाराची गोष्ट सुरू होते, आणि पैसे खरे तिथेच जातात.

भट्टी बघायला जाल तेव्हा पहिल्यांदा दार उघडून त्याच्या आतल्या बाजूला कॉइलचे खाचे आहेत का बघा. 600 मिलिमीटर खोलीच्या भट्टीला दारात कॉइल नसेल तर पुढची रांग थंड राहते. एका ठिकाणी मालकाने मोठ्या मनाने मला कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारे मातीचे छोटे सुळके, लावून भाजणी करू दिली. सहा नंबरचा कोन, म्हणजे शेवटचा चढ किती वेगाने घेता त्यावर साधारण 1220 ते 1240. पाठीमागचा कोन टोक टेकवून बसला होता. दाराजवळचा जेमतेम कलला होता. त्या भट्टीत पुढच्या रांगेतल्या ताटांचा ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, कोरडा, खरखरीत निघणार हे उघड होतं. मालक म्हणाले, "पुढे बिस्कचा माल ठेवायचा." पण बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, 1000ला करतात आणि ग्लेझची 1220ला, दोन्ही एका भाजणीत कसं जमणार?

दारात कॉइल आली की तिला वीज न्यायला बिजागरीपाशी लवचीक केबल लागते. दर वेळी दार उघडताना ती वाकते, आणि भट्टीतली सगळ्यात आधी दगा देणारी जागा हीच. माझ्याकडे आली तेव्हा केबल अगदी बिजागरीला चिकटून, ताणून बसवलेली होती. काही महिन्यांत वरचं आवरण कडक होऊन तडकलं. आता मोठा बाक देऊन, सिलिकॉनच्या आवरणाची केबल लोखंडी लवचीक पाइपातून घेतलीय. बनवणाऱ्याने फोनवर "सगळ्यांना तशीच देतो" एवढं सांगून विषय संपवला. काम आमच्या वायरमनभाऊंनी केलं.

बिजागरी बघताना दार अर्धं उघडा आणि मोकळ्या बाजूने वर उचलून बघा. खुळखुळलं तर वर्षभरात ते लोंबणार. आत विटा असलेलं दार म्हणजे बैलगाडीचं चाक आडवं टांगून ठेवल्यासारखं आहे, सगळा भार दोन खुंट्यांवर. चांगल्या भट्टीत बिजागरीला बेअरिंग असतं आणि वर-खाली, आत-बाहेर करायला बोल्ट दिलेले असतात. माझ्या भट्टीला आहेत, आणि त्याच्याबद्दल बनवणाऱ्याला पूर्ण गुण. ते नसते तर पहिल्याच पावसाळ्यात मी अडकलो असतो.

ही भानगड खास आपल्याकडची आहे. खानदेशातली काळी भुई पावसात फुगते आणि उन्हाळ्यात पाऊल जाईल एवढ्या भेगा टाकते. वरून नुसता कोबा केला तर तोही तिच्यासोबत हलतो. भट्टी एका कोपऱ्यात जराशी खचली तरी चौकट तिरपी होते, दार खालच्या कडेला घासतं आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते. भाजणी चालू असताना त्या फटीतून लाल रेघ दिसायला लागली की समजायचं. म्हणून काळी माती खणून काढा, मुरूम भरून दाबा, त्यावर सळई घालून काँक्रीट करा. भट्टी बसवताना पाणसळ लावा आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा लावा. माझ्या भट्टीचा मागचा डावा पाय खाली पत्र्याच्या पट्ट्या सारून उचललेला आहे.

नाना, म्हणजे आमचे वडील, जन्मभर आवा, म्हणजे कुंभारांची उघडी भट्टी, लावत आले. मी स्पॅनर घेऊन बिजागरीशी झटत होतो तेव्हा बाजेवरून म्हणाले, "आव्याले दारच नव्हतं रे भाऊ, मंग झगडाबी नव्हता."

कुलूप कसं आहे तेही बघा. एकाच खिट्टीने बंद होणारं दार नको. वर आणि खाली दोन ठिकाणी स्क्रूने आवळता येणारं हवं, म्हणजे कडेची फायबरची दोरी सगळीकडे सारखी दाबली जाते. ही दोरी झिजतेच, ती स्वस्त असते, घेतानाच जादा मागून घ्या. हात लावताना तोंडाला मास्क बांधा, सिरॅमिक फायबरचा धुरळा फुप्फुसात जाऊ देऊ नये.

विटा आणि कॉइल याबद्दल थोडक्यात. आतली वीट 26 ग्रेडची मागा. 23 ग्रेडची 1260पर्यंतचीच असते, मग 1300 हा आकडा कशाच्या जोरावर लिहिला ते विचारा. कॉइल कांथल ए-1ची असेल तर उत्तम, ती तार स्वतः 1400 अंशांपर्यंत टिकते. तारेला एक खोड आहे. एकदा भाजणी झाली की ती ठिसूळ होते. खाच्यातून बाहेर आलेली कॉइल थंडपणी स्क्रूड्रायव्हरने आत ढकलायला जाल तर काडीसारखी तुटेल. आधी टॉर्चने लाल करायची, मगच वाकवायची.

पॅनलमध्ये मी चार गोष्टी बघायला सांगतो. पहिली थर्मोकपल, म्हणजे आतलं तापमान मोजणारी तार. 1220च्या वर नेहमी जाणार असाल तर एस टाइपचा हवा, प्लॅटिनम आणि ऱ्होडियमचा. के टाइपचा स्वस्त असतो, पण त्या तापमानाला रोज वापरला की आकडा भरकटायला लागतो. माझ्या कोटेशनमध्ये एस लिहिलेलं होतं आणि भट्टीत निघाला के. दोन महिने भांडल्यावर बदलून मिळाला, मात्र केबल जुनीच पाठवली. थर्मोकपलची केबलही त्याच टाइपची लागते, नाहीतर कंट्रोलर वेगळंच तापमान दाखवतो. कोन लावायची सवय होती म्हणून हे पकडलं गेलं. कंट्रोलर कितीही महागडा असो, वर-मधे-खाली कोन लावल्याशिवाय भाजणी करू नका.

दुसरी, एसएसआर. कॉइलला चालू-बंद करणारा हा भाग बिघडला की बहुतेक वेळा चालूच राहतो. म्हणजे कंट्रोलर "थांब" म्हणतो आणि भट्टी तापतच जाते. म्हणून त्याच्या आधी एक वेगळा कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज तोडणारा मोठा स्विच, आणि त्याला जास्त तापमानाचा स्वतंत्र कंट्रोलर हवाच. हे बसवायला काही कारखानदार "एक्स्ट्रा" म्हणून पैसे मागतात. द्या. तिसरी, दाराचा स्विच. दार उघडलं की सगळ्या कॉइलची वीज तुटली पाहिजे. चौथी गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची: वीज जाऊन परत आली की कंट्रोलर काय करतो? काही पहिल्या पायरीपासून सुरू होतात, काही बंद पडून राहतात, काही जिथे तापमान आहे तिथून पुढे जातात. ही सेटिंग कुठे आहे ते भट्टी सोडून जायच्या आत कारागिराकडून समजून घ्या.

आता लाइन. 21 किलोवॅटला 415 व्होल्टवर दर फेजला साधारण 29 अँपिअर लागतात. महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेणं, 40 अँपिअरचा एमसीबी, जाड केबल आणि धड अर्थिंग, हे भट्टीच्या किमतीत धरा. एवढं करूनही गावाच्या फीडरवर संध्याकाळी मीटर 370 दाखवतं. व्होल्टेज कमी झालं की भट्टीची ताकद त्याच्या वर्गाच्या हिशोबाने घटते. 370ला माझी 21 किलोवॅटची भट्टी पावणेसतरा किलोवॅटची होते. 900पर्यंत फरक जाणवत नाही. 1150च्या पुढे भिंतींतून जाणारी उष्णता आणि आत येणारी वीज यांची बरोबरी होऊ लागते आणि आकडा तासाला दहा-वीस अंश कसाबसा सरकतो. आमच्या वायरमनभाऊंनी एका वाक्यात निदान केलं होतं: "लाइन त शे, पन तिनामा दम नही." म्हणजे लाइन आहे, पण तिच्यात दम नाही.

उपाय म्हणून मी भाजणी रात्री नऊच्या सुमारास सुरू करतो. ओल जाईपर्यंत, म्हणजे 100 अंशांपर्यंत, हळूच चालवायचं असतं, वरचं धुराचं भोक उघडं असतं. 573 अंशांना मातीतलं क्वार्ट्झ पलटतं, म्हणजे एकदम फुगतं, तिथेही घाई नको. हे सगळं कमी व्होल्टेजच्या वेळेत उरकतं आणि खरा जोर लागतो तेव्हा पहाट झालेली असते, शेतातले पंप आणि घरातले कूलर सोडले तर लाइनीवर फारसं काही नसतं. ग्लेझच्या एका पूर्ण भाजणीला 150च्या आसपास युनिट जातात. कारखानदाराला विचारताना एवढंच विचारा: "370 व्होल्टवर 1240 किती वेळात गाठेल?" जो आकडेमोड करून सांगतो त्याच्याकडून घ्या. दर लिटरला 75 वॅटच्या खालची भट्टी आपल्याकडच्या विजेवर नको, असं माझं मत. ताकद जास्त असली तर प्रोग्रामने आवरता येते, कमी असली तर काही करता येत नाही.

निववताना या भट्टीत मोह फार होतो. सबंध दार एका झटक्यात उघडतं, त्यामुळे 200 अंशांना "जरा बघू" म्हणून उघडलं की पुढच्या सगळ्या मालावर एकदम गार वारा. जाड बुडाची बरणी अशाने उभी चिरते. वरून उघडणाऱ्या भट्टीचं झाकण बोटभर उचलून ठेवता येतं, तेवढी सोय इथे नाही. 100च्या खाली आल्याशिवाय मी कुणाला दाराला हात लावू देत नाही. मे महिन्यात बाहेर 45 असताना ते शेवटचे शंभर अंश उतरायला जीव काढतात. शेडला दोन्हीकडून झरोके ठेवा आणि भट्टीच्या मागे हात-दीड हात जागा सोडा.

आव्याची जागा ही भट्टी घेईल का, असं कुंभारवाड्यातली मंडळी विचारतात. सगळ्या मालाला नाही. पुरणपोळीच्या मांड्यांचं खापर अजूनही आम्ही आव्यातच भाजतो. खापराला थेट जाळ सोसायचा असतो, त्यासाठी कमी तापमानाला भाजलेली, सच्छिद्र तांबडी मातीच बरी. 1220ला भाजून घट्ट झालेलं भांडं चुलीवर ठेवलं तर तडकतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, घागरींचंही तेच, त्यांनी पाझरलं पाहिजे, तरच पाणी गार होतं. त्या शेकड्याने लागतात आणि 150 युनिट जाळून त्यांचा भाव निघत नाही. आणि ही तांबडी माती चुकूनही ग्लेझच्या भाजणीत घालू नका, 1200ला ती फुगून, वितळून फळीला चिकटते. बरण्यांची माती मी गुजरातेतून मागवतो.

जळगावच्या एका सोनार मित्राने प्लास्टरच्या साच्यातला मेणाचा नमुना जाळून काढायला हीच भट्टी चालेल का विचारलं. त्याला नको म्हणालो. तसल्या साच्याला 730 अंशांच्या वर न्यायचं नसतं, त्याला लहान मफल भट्टी पुरे, आणि जळत्या मेणाचा धूर माझ्या कॉइलला कशाला? काचेचं सपाट काम करणाऱ्यांनी छतात कॉइल असलेली भट्टी शोधावी, काचेला वरून सारखी ऊब लागते. माझ्या भट्टीच्या छतात कॉइल नाही. तांब्याचा लाल ग्लेझ हवा असेल तर त्याला रिडक्शन, म्हणजे भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवून भाजणं, लागतं, तिथे गॅसची भट्टीच घ्यावी.

एकूण मी या भट्टीला पाचपैकी साडेतीन देईन. विटांचं काम आणि बिजागरी फार चांगली, तिन्ही उंचीवरचे कोन सारखे वाकतात, 1240 व्यवस्थित गाठते. गुण कापले ते केबल, थर्मोकपल आणि विक्रीनंतरच्या सेवेसाठी. कारागीर यायला तीन-तीन आठवडे लागतात आणि येण्या-जाण्याचं भाडं आपल्यावर. त्यामुळे ऑर्डर देतानाच कॉइलचा एक पूर्ण सेट, दोन एसएसआर, एक थर्मोकपल आणि वायरिंगचा नकाशा लिहून मागा. नकाशा पॅनलच्या दाराला आतून चिकटवा, वायरमन बदलला तरी काम अडत नाही.