लॅपटॉपचा हिंज उखडला: एपॉक्सी, नट-बोल्ट की नवं पॅनेल?

झाकण उघडताना कोपऱ्यात कटकट वाजायला लागली की समजा, आतले पितळी नट प्लास्टिकमधून सुटताहेत. यात तुमच्या हाताचा दोष नाही. हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, धातूचा आणि कडक, त्याला धरणारे खुंट मात्र प्लास्टिकचे, तूरडाळीच्या दाण्याएवढे. वॉरंटी असेल तर खोलू नका, कंपनीकडेच द्या. ती संपली असेल तर पुढचं वाचा.

खुंट तुटले तरी नट शाबूत असतील, तर माझं मत एपॉक्सीला. अ‍ॅरल्डाइटसारखा दोन ट्यूबांचा, तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो. आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. प्लास्टिक पॉलिश पेपरनं खरवडून पुसा, नट जागेवर बसवून भोवती एपॉक्सी भरा. नटाच्या आट्यांत तो शिरू देऊ नका, हिंजजवळून जाणाऱ्या स्क्रीनच्या केबललाही लागू देऊ नका. मग पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. फेविक्विक इथे कामाचं नाही. ते ठिसूळ असतं, झाकणाच्या हिसक्यानं सुटतं. मे महिन्यात आपल्याकडे विदर्भात पारा 45 च्या पुढे जातो. तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत लॅपटॉप राहिला, तर एपॉक्सीही नरम पडतो.

खुंटांचा चुराच झाला असेल, तर आरपार भोक पाडून बारीक नट-बोल्ट. बोल्टची डोकी बाहेरून दिसतात, पण पकड सगळ्यात पक्की. स्क्रीन काढल्याशिवाय ड्रिल मात्र लावू नका.

नवं पॅनेल, म्हणजे खुंट असलेला प्लास्टिकचा भागच नवा, दिसायला सगळ्यात छान. पण त्यासाठी नागपूर-अमरावती गाठावं लागतं, आणि तुमच्या मॉडेलचं पॅनेल नसेल तर मागवून वाट पाहावी लागते. पीक विम्याच्या फॉर्मची गर्दी असताना, फॉर्म भरून देणारं सेवा केंद्र चालवणाऱ्याला ते कसं परवडणार? शिवाय नव्या पॅनेललाही खुंट तेच, तेवढेच नाजूक.

म्हणून काहीही निवडा, हिंजच्या टोकाला नट असेल तर आधी तो पाव फेरा सैल करा. झाकण हलकं उघडलं पाहिजे, पण आपोआप पडता कामा नये. मूळ दुखणं त्या कडकपणातच आहे. तो तसाच ठेवून केलेली कोणतीही दुरुस्ती पुन्हा उखडते. आणि खोललंच आहे तर पंखाही ब्रशनं साफ करून घ्या, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आसपास राहत असाल तर नक्कीच. त्यात कापसाचे तंतू गच्च बसलेले असतात.