‘आरटीएक्स ५०००’ नावाची कार्डं बरीच आहेत. माझ्या गळ्यात त्यातलं सगळ्यात जुनं मारलं

हे वाचून ‘एवढं साधं कळलं नाही का?’ असं विचारणारे येतीलच. त्यांना आधीच सांगते, कळतं. सॉलिडवर्क्स या यंत्रांचं डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरवर कित्येक वर्षं काम करते, रेंडरिंग (मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र काढणं) आणि प्रॉडक्टचं ॲनिमेशनही स्वतःच करते, आणि व्यावसायिक ग्राफिक्स कार्ड कशाशी खातात हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तरी फसले. बनावट कार्ड देऊन मला कुणी फसवलेलं नाही, कार्ड शंभर टक्के अस्सल आहे. आणि त्यामुळेच आज माझी तक्रार घ्यायला कोणी तयार नाही.

नवीन ‘आरटीएक्स ५००० अडा’, म्हणजे एनव्हिडिया कंपनीचं अडा पिढीतलं ३२ जीबी मेमरीचं कार्ड, परवडत नव्हतं, म्हणून वापरलेलं घ्यायचं ठरवलं. रुपयांतला आकडा इथे लिहीत नाही, कारण घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. टक्के मात्र नेमके सांगते. नव्याच्या किमतीच्या ५५ टक्क्यांना सौदा ठरला. त्यातले ७० टक्के आगाऊ, ३० टक्के डेमो बघून झाल्यावर, आणि वर पॅकिंग व विम्याचे म्हणून ३ टक्के. विमा काढलाच नव्हता. जे कार्ड पदरात पडलं त्याचे आज मी मोजलेल्या पैशांच्या २२ टक्के येतील असं जुन्या मालाचा एक व्यापारी म्हणाला, तेही ‘बॉक्स असेल तर’. बॉक्स नाही.

हा सगळा खेळ नावावर चालतो. २०१८ मध्ये ट्युरिंग पिढीचं ‘क्वाड्रो आरटीएक्स ५०००’ आलं, त्यात १६ जीबी मेमरी आणि ३,०७२ कुडा कोअर, म्हणजे एकाच वेळी हिशेब करणारे छोटे भाग. २०२० मध्ये एनव्हिडियाने नव्या कार्डांवरून क्वाड्रो हे नाव काढलं, आणि २०२१ मध्ये अँपिअर पिढीचं ‘आरटीएक्स ए५०००’ आणलं: २४ जीबी, ८,१९२ कोअर. २०२३ मध्ये ‘आरटीएक्स ५००० अडा जनरेशन’: ३२ जीबी, १२,८०० कोअर. २०२५ मध्ये ब्लॅकवेल पिढीचं ‘आरटीएक्स प्रो ५०००’, ते सुरुवातीला ४८ जीबीचं. लॅपटॉपमधलं ‘५००० अडा’ आणखी निराळं, त्यात १६ जीबीच. शिवाय गेमिंगवाल्यांची जीफोर्स ५० मालिका, तिलाही लोक सर्रास ‘५००० सिरीज’ म्हणतात. फोनवर बोलताना सगळीच ‘आरटीएक्स पाच हजार’. हे नामकरण ज्यांनी केलं त्यांच्या डोक्यात काय होतं देव जाणे, पण भामट्यांची सोय त्यांनी उत्तम केली आहे.

मला ३२ जीबीच का हवे होते? हातात एका मोठ्या यंत्राचं काम होतं. हजारो भागांची असेंब्ली, ती ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून त्यावर मोठमोठे टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवायची चित्रं), आणि मग ॲनिमेशन. कार्डावर रेंडर करायचं तर अख्खं दृश्य कार्डाच्या मेमरीत मावावं लागतं. नाही मावलं तर रेंडर मेमरी संपल्याचं सांगून थांबतं, नाहीतर संगणकाच्या रॅममधून ओढाताण करत रखडत चालतं. कोअर कमी असले तर वेळ जास्त लागतो एवढंच, मेमरी कमी पडली तर कामच होत नाही. आणि दोन कार्डं लावली म्हणून मेमरीची आपोआप बेरीज होत नाही. हे विकणारे कधी सांगत नाहीत, ‘अजून एक घ्या, डबल होईल’ म्हणतात.

माझा विक्रेता तर म्हणाला होता की सिम्युलेशनही दहापट वेगाने होईल. ही थाप आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं. ताण-दाबाच्या हिशेबाला लागणारं दुहेरी अचूकतेचं गणित ही कार्डं फार हळू करतात. अडा पिढीत त्याचा वेग साध्या गणिताच्या चौसष्टाव्या हिश्श्याइतका असतो. सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल रीबिल्ड करण्याचं बहुतेक कामही प्रोसेसरच करतो. कार्डामुळे फरक पडतो तो मोठी असेंब्ली स्क्रीनवर फिरवताना, रिअलव्ह्यूमध्ये (सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारी सोय), रेंडरमध्ये आणि व्हिडिओ एक्स्पोर्टमध्ये. पण विकणारा माणूस थोडं चढवून बोलणारच म्हणून मी ते सोडून दिलं. कुणीही दिलं असतं.

आणि माणूस बोलायला पक्का होता. इसीसी मेमरी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) म्हणजे काय, सर्टिफाइड ड्रायव्हर का लागतात, स्पेकव्ह्यूपर्फ या वेगाच्या चाचणीचा स्कोअर कसा वाचायचा, सगळं तोंडपाठ. ‘मॅडम, स्टुडिओ बंद होतोय म्हणून काढतोय, नाहीतर हे कार्ड कोण विकतं?’ साइटवरून पैसे भरले तर कमिशन जातं म्हणून थेट खात्यावर मागितले. हो, माहीत आहे, तिथेच थांबायला हवं होतं. पण वापरलेल्या मालाच्या व्यवहारात दहापैकी आठ जण हेच म्हणतात आणि त्यातले बहुतेक प्रामाणिक निघतात, मीसुद्धा स्वतःचं जुनं कार्ड असंच विकलं आहे.

शिवाय त्याने डेमो दिला. रिमोटवर त्याच्या मशीनमध्ये मला शिरू दिलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मी स्वतः वाचलं, ‘आरटीएक्स ५००० अडा जनरेशन’. टास्क मॅनेजरमध्ये ३२ जीबी. माझाच एक सीन चढवून रेंडर केला, सुसाट झाला. आता सांगा, यापुढे माणसाने काय तपासायचं?

तपासायचं होतं ते यानंतर. डेमो झाला, रिमोट बंद झालं, आणि ‘आता काढून पॅक करतो’ म्हणून त्याने फोटो पाठवला. टेबलावर काळं कार्ड, अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवलेलं, मागची पत्र्याची पट्टी कॅमेऱ्याकडे. त्या पट्टीवर चार डिस्प्लेपोर्ट आणि त्यांच्या बाजूला एक छोटं टाइप-सीचं भोक.

तो फोटो मी आजही काढून बघते आणि दात-ओठ खाते. आरटीएक्स ५००० अडाला चार डिस्प्लेपोर्ट असतात, बस. ए५००० लाही तेवढेच. टाइप-सी होतं ते ट्युरिंग पिढीत, व्हीआर हेडसेटसाठी, व्हर्च्युअललिंक नावाने. ते मानक २०२० मध्ये गुंडाळलंसुद्धा. आणि मी काय विचार केला? टाइप-सी आहे म्हणजे नवीन दिसतंय! फोन, लॅपटॉप, सगळीकडे टाइप-सी म्हणजे नवं, तर कार्डावरही नवंच असणार. मी तो फोटो मोठा करून बघितला होता. ओरखडे आहेत का ते बघत होते! कडेला वीजजोडणीच्या दोन जागाही दिसत होत्या, एक सहा पिनची, एक आठची. अडाला एकच सोळा पिनची असते. तेही डोळ्यांसमोर होतं. उरलेले ३० टक्के मी त्या फोटोनंतर पाठवले. आधी नाही, नंतर. शोरूममधली गाडी चालवून बघितली आणि किल्ली घेतली मागच्या अंगणातल्या जुन्या गाडीची.

म्हणून सांगते, डेमो आणि फोटो असे दोन तुकडे कधीही स्वीकारू नका. एकच सलग व्हिडिओ मागा: मशीन चालू, स्क्रीनवर नाव आणि मेमरी, मशीन बंद, झाकण उघडलं, कार्ड बाहेर आलं, मागची पट्टी, स्टिकर, पिशवी, खोका, टेप. कुठेही कट दिसला की सौदा मोडा. व्यावसायिक कार्डांवर एनव्हिडिया-एसएमआय या ड्रायव्हरसोबत येणाऱ्या प्रोग्रामचा सविस्तर अहवाल काढला तर त्यात कार्डाचा सीरियल नंबरही येतो, तो स्टिकरवरच्या नंबरशी ताडून बघा. हे मला नंतर कळलं.

पार्सल आलं, कार्ड बसवलं, मशीनने नाव दाखवलं ‘क्वाड्रो आरटीएक्स ५०००’. तरी मी सावध झाले नाही. का व्हावं? आमच्या कामात आजही सगळे व्यावसायिक कार्डाला क्वाड्रोच म्हणतात. ‘क्वाड्रो आहे का गेमिंग?’ हाच प्रश्न असतो. रिअलव्ह्यूचं बटण उजळलं, असेंब्ली लोण्यासारखी फिरली. मोठा सीन उघडेपर्यंत सगळं छान. तिथे १६ जीबीला मेमरी संपली.

फोन केला तर साहेब शांत. ‘ताई, इसीसी चालू असेल, त्याने मेमरी कमी दिसते.’ मॅडमची ताई कधी झाले कुणास ठाऊक. पण बघा थाप कशी रचली आहे. इसीसी चालू केलं की मेमरी खरंच कमी होते! फक्त ती सोळाव्या हिश्श्याने होते, निम्म्याने नाही. अर्धसत्य सांगणारा माणूस निव्वळ खोटारड्यापेक्षा महाग पडतो. मी इसीसी बंद केलं, मशीन पुन्हा सुरू केलं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. माझाच वेळ घालवला आणि त्याला आयता वेळ मिळाला. शेवटी एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला गेले तर कार्डाचा पर्यायच दिसेना. अडा पिढीत एव्ही१ एन्कोड करण्याची सोय आहे, ट्युरिंगमध्ये नाही. तेव्हा पायाखालची जमीन सरकली. त्यानंतर तो फोनवर ‘अहो बाई, बिल वाचा’ म्हणाला आणि नंबर ब्लॉक.

बिल वाचलं. ‘आरटीएक्स ५००० प्रोफेशनल ग्राफिक्स कार्ड, वापरलेले, चालू स्थितीत.’ पिढी नाही, जीबी नाही. चॅट उघडलं. माझा प्रश्न, ‘३२ जीबीच ना?’ त्याचं उत्तर, अंगठा. बाकी सगळी वचनं फोनवर दिलेली. जाहिरात त्याने काढून टाकलेली, आणि तिचा स्क्रीनशॉट मी घेतलेला नाही. (तुम्ही घ्या. पैसे पाठवण्याआधी घ्या. आणि अंगठा हे उत्तर समजू नका, त्याच्याकडून शब्द टाइप करून घ्या.)

आता दाद कुठे मागायची? पोलिसांकडे गेले. समोरच्या साहेबांनी तीन प्रश्न विचारले. पार्सल मिळालं का? मिळालं. चालतंय का? चालतंय. बिलावर जे नाव तेच आलं का? हो, पण... ‘मग फसवणूक कुठली? ही दिवाणी बाब झाली.’ मी ट्युरिंग आणि अडा समजावायला लागले तर ते माझ्या मागच्या माणसाकडे बघायला लागले. मग सायबरला पाठवलं. तिथे ओटीपी गेला का, लिंक दाबली का, कुणी खातं हॅक केलं का, असे प्रश्न. काहीच नाही म्हटल्यावर ‘पैसे तुम्हीच पाठवलेत, यात सायबर काय?’ म्हणून पुन्हा पहिल्या टेबलावर. ऑनलाइन तक्रार भरायची तर प्रकारांच्या यादीत माझा प्रकार नाही. ‘इतर’ निवडलं. पुरावा जोडायचा तर फाइल मोठी आहे म्हणून घेत नाही. डेमोचं रेकॉर्डिंग, तोच तर माझा एकमेव पुरावा, ते बारीक करून जोडलं तर स्क्रीनवरचं ‘अडा’ वाचताच येत नाही!

बँकेचं उत्तर एका ओळीचं: व्यवहार खातेदाराने स्वतः मंजूर केलेला आहे. जिथे जाहिरात होती त्या साइटचं उत्तर त्याहून गोड: तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, परंतु व्यवहार आमच्या मंचाबाहेर झाला. त्या माणसाच्या नावापुढची निळी खूण अजून तशीच. ग्राहक मदत केंद्रात विचारलं तर पलीकडची मुलगी म्हणाली, ‘धंद्यासाठी घेतलंय ना? मग ग्राहक म्हणून बसेल की नाही बघावं लागेल.’ बघावं लागेल म्हणजे कोण बघणार, हे तिलाही माहीत नव्हतं. म्हणजे काम करून पोट भरणाऱ्याने फसू नये, हौसेने घेणाऱ्याने फसलं तर चालेल. वकिलांनी फी सांगितली, ती ऐकून मी आभार मानले आणि उठले. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर, नियमात बसून बरोबर. आणि चोराला हे सगळे नियम तोंडपाठ आहेत, त्यांच्यापेक्षा चांगले. त्याने बनावट कार्ड पाठवलं असतं तर जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामने नावापुढे ‘फेक’ तरी लिहिलं असतं, २०१८ पासून ते जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली कार्डं ओळखतं. निदान एक कागद हातात आला असता. माझ्या कार्डाला ते स्वच्छ सांगतं, अस्सल.

बिलावर पूर्ण नाव, पिढी, मेमरी आणि सीरियल नंबर लिहून घ्या, विक्रेता कितीही ‘तेच हो’ म्हणाला तरी. तयार वर्कस्टेशनमधून काढलेलं कार्ड असेल तर वॉरंटी बऱ्याचदा त्या मशीनशी बांधलेली असते, ती तुमच्याकडे येईल असं धरून चालू नका. आणि डेमोत रेंडर बघत बसण्यापेक्षा त्याला दोन मिनिटांचा एव्ही१ एक्स्पोर्ट करायला सांगा. पण कॅमेरा कार्डावरच ठेवून.

यंत्राचं काम मी सीनचे तुकडे करून, टेक्श्चर अर्धे करून कसंबसं दिलं. ग्राहकाला फरक दिसला, त्याने बोलूनही दाखवलं.

त्या माणसाची नवी जाहिरात लागली आहे. या वेळी ‘आरटीएक्स ६०००, ४८ जीबी’. ६००० अडाला ४८ जीबी असतात हे खरं, पण २०१८ च्या क्वाड्रो आरटीएक्स ६००० ला २४ च असतात. फोटोत टेबल तेच आहे, आणि पट्टीवर टाइप-सीचं भोक स्पष्ट दिसतंय. मी साइटला कळवलं. जाहिरात तपासली, ती नियमांत बसते, असं उत्तर आलं.